स्कायडायव्हिंग राहू द्या, सायकल काढा

ओहायोहून एका ताईंचं लांबलचक पत्र आलं आहे. माहेर जुळे सोलापूर, वय ५२, मुलगी शिकायला बाहेर पडलेली. या डिसेंबरात त्या सहा आठवडे आईकडे राहणार आहेत. पत्रात चार प्रश्न आहेत. त्यातल्या एकावरच मी सविस्तर लिहिणार आहे, बाकीच्या तिन्हींना शेवटी दोन-दोन ओळी पुरतील.

त्या लिहितात : "शाळेत असताना मी मैत्रिणीला डबलसीट घेऊन सेवासदनला जायचे, हात सोडून सायकल चालवायचे. आता कोपऱ्यावरच्या दुकानात जायलासुद्धा गाडी काढते आणि फ्रीवेला लागताना छातीत धडधडतं. ती मुलगी कुठे गेली कळत नाही. काहीतरी धाडसाचं करावं म्हणून स्कायडायव्हिंगचं बुकिंग करणार आहे. नवरा म्हणतो, वेड लागलंय तुला."

ताई, वेडबिड काही लागलेलं नाही. पण त्या बुकिंगबद्दल मी थोडी रागावणार आहे. पहिल्या उडीत प्रशिक्षक तुमच्या पाठीला बांधलेला असतो. कधी उडी मारायची, छत्री कधी उघडायची, कुठे उतरायचं, हे सगळं तो ठरवतो. मिनिटभरात सुसाट पडणं संपतं. भीती तेवढी तुमची, निर्णय सगळे त्याचे. आणि तुमचं पत्र पुन्हा वाचलं तर हरवलंय ते नेमकं निर्णय घेणं. परदेशात आल्यावर आपल्यापैकी बहुतेकींनी घरातल्या प्रत्येकाचं वेळापत्रक सांभाळलं, स्वतःच्या अंगावर मात्र कुठलीच गोष्ट पेलून बघितली नाही. उत्तर तुमच्याच पत्राच्या पहिल्या ओळीत आहे. सायकल काढा.

मुक्काम ठरवून टाकू या : सोलापूर ते तुळजापूर, सुमारे ४५ किलोमीटर, एकेरी. परतीला घरच्यांना गाडी घेऊन बोलवा, त्यात कमीपणा नाही. सहा आठवड्यांत हे जमतं, पण तयारी ओहायोतच तीन महिने आधी सुरू करायची.

सगळ्यात आधी डॉक्टर. रक्तदाब बघा आणि हिमोग्लोबिन करून घ्या. पाळी जाण्याच्या आधीच्या वर्षांत अंगावरून जास्त जात असेल तर रक्त कमी होतं. मग चढावर दम लागतो आणि आपण तो वयाच्या खात्यावर टाकतो. माझ्या थोरल्या जाऊबाईंनी तो असाच टाकला होता, लोहाच्या गोळ्यांनी तो गेला. चढताना छातीत दाब वाटत असेल तर मात्र तपासणी झाल्याशिवाय सायकलला हात लावू नका. आणखी एक : सायकलने दम वाढतो, मांड्या भरतात, पण हाडांवर भार येत नाही, त्यामुळे ती बळकट होत नाहीत. म्हणून आठवड्यातून दोनदा जिने चढणं, उठाबशा आणि थोडं वजन उचलणं हवंच.

सराव आठवड्यातून तीनदा. दोन छोट्या फेऱ्या अर्ध्या-पाऊण तासाच्या, आणि रविवारी एक लांबची. लांबची फेरी आठ किलोमीटरपासून सुरू करा आणि दर आठवड्याला तीन-चार किलोमीटर वाढवा. दर चौथ्या आठवड्याला ती मुद्दाम कमी ठेवा. विमानात बसण्याआधी ३० किलोमीटर न थांबता झाले की ४५ होतात.

गुडघ्यांची काळजी तुमच्या यजमानांना आहे असं दिसतं. बहुतेक वेळा गुडघे वयामुळे दुखत नाहीत, सीट चुकीच्या उंचीवर असल्याने दुखतात. भिंतीला टेकून सायकलवर बसा, पॅडल अगदी खाली आणा, त्यावर टाच ठेवा. पाय सरळ झाला पाहिजे. मग चवडा ठेवला की गुडघ्यात हलकासा बाक राहतो, तीच तुमची उंची. गुडघ्याच्या पुढून दुखलं तर सीट खाली आहे, मागून दुखलं तर वर आहे, एका वेळी अर्धा सेंटिमीटर हलवा. लहानपणी दोन्ही पाय जमिनीला टेकतील अशी सीट ठेवायची सवय आपल्याला लागली, ती मोडायला हवी. आणि गिअर हलका ठेवा. मिनिटाला ७०-८० वेळा पाय फिरला पाहिजे. जड गिअर रेटणं म्हणजे गुडघ्यावर उठाबशा काढणं.

सीटचं सांगायला बायका लाजतात, म्हणून स्पष्ट सांगते. मऊ, फुगीर जेलची सीट दुकानात छान वाटते, पण तासाभराने तीच घासते, कारण आपण तिच्यात रुततो. बसायच्या दोन्ही हाडांना आधार देणारी जरा रुंद आणि घट्ट सीट घ्या, तिचं टोक सपाट ठेवा. पॅड असलेली सायकलची चड्डी घाला, आतून दुसरं काही न घालता, आणि वरून सैल सलवार चढवा. पाळी गेल्यानंतर तिथली त्वचा कोरडी पडते, म्हणून निघण्याआधी व्हॅसलीन लावा आणि पोहोचल्याबरोबर कपडे बदला. सलवारीचा उजवा पाय घोट्यापाशी पट्टीने आवळा, साखळी उजव्या बाजूला असते. ओढणी घरी ठेवा.

सायकल अमेरिकेतून आणायचा खटाटोप नको. इथे पंधरा ते पंचवीस हजारांत गिअरवाली हायब्रिड बऱ्यापैकी मिळते. भावाला आधी सांगून ठेवा. दोन्ही पाय टेकवून उभं राहिल्यावर आडव्या दांडीच्या वर दोन-तीन सेंटिमीटर जागा राहिली पाहिजे. ताब्यात घेताना ब्रेक बघा. अमेरिकेत पुढचा ब्रेक बहुतेक डाव्या हाताला असतो, इथल्या सायकलवर तो उजव्या हाताला असू शकतो. घाईत नुसता पुढचा जोरात दाबला तर माणूस हँडलवरून पुढे जातो. पहिले चार दिवस पहाटे संभाजी तलावाच्या बाजूला फिरा आणि डाव्या बाजूने चालवायची सवय अंगी भिनू द्या. हँडलच्या उजव्या टोकाला छोटा आरसा बसवून घ्या.

आता सराट्याबद्दल. सोलापूरच्या रस्त्याकडेला, कोरड्या मातीत तो पसरलेला असतो. फळ हरभऱ्याएवढं, पण कुठल्याही बाजूने पडलं तरी एक काटा वर. डांबर सोडून मातीत उतरलात की टायरमध्ये शिरलाच म्हणून समजा. वेड्या बाभळीचे काटे वेगळे. म्हणून दोन जादा ट्यूब, टायर काढायचे तीन लिव्हर, पॅच आणि पंप पिशवीत हवेतच. मागचं चाक काढण्याआधी साखळी सगळ्यात लहान चक्रावर आणा, मग चाक सहज निघतं. ट्यूब बदलण्याआधी टायरच्या आतून बोटं गोल फिरवा, हळू आणि दोनदा. काटा आतच राहिला तर नवी ट्यूब दोन किलोमीटरवर पुन्हा बसते. बहुतेकांची फजिती इथेच होते. ट्यूबला शेजारी-शेजारी दोन भोकं दिसली तर काटा शोधत बसू नका, हवा कमी असताना खड्ड्यात आपटल्याची ती खूण आहे. पॅच लावताना सोल्यूशन पातळ पसरा आणि त्याची चकाकी जाईपर्यंत थांबा, ओल्यावर चिकटवलेला पॅच सुटतो.

हवा किती भरायची ते टायरच्या कडेवर छापलेलं असतं. ३५ मिलिमीटर रुंदीच्या टायरला साधारण ६० पीएसआय पुरे. व्हॉल्व्ह बारीक, वर छोटा स्क्रू असलेला असेल तर पंक्चरवाल्याचा कंप्रेसर त्याला बसत नाही. त्यासाठी पितळी अडॅप्टर मिळतो, दोन घेऊन ठेवा. हे काम घरी अंगणात चार वेळा करून बघा, आईसमोर. तिची निम्मी काळजी तिथेच मिटेल.

रस्त्यावरचा खरा धोका उसाच्या ट्रॉल्यांचा. तुम्ही येणार त्या महिन्यांत कारखाने चालू असतात, एका ट्रॅक्टरमागे दोन-दोन ट्रॉल्या असतात आणि दुसरी झोके खाते. मागे लाल दिवा असेलच असं नाही. त्यांच्या डाव्या बाजूने कधीही पुढे जाऊ नका, दोन मिनिटं थांबा. रस्त्यावर पडलेल्या उसावरून चाक सरळ काटकोनात न्या आणि त्या क्षणी ब्रेक दाबू नका. अंधारात चालवायचंच नाही. कुत्रं अंगावर आलं तर उतरा, सायकल मध्ये धरा आणि चालत निघा.

तुळजापूरचा दिवस गड्ड्याच्या, म्हणजे सिद्धेश्वराच्या संक्रांतीच्या जत्रेच्या, गर्दीतला नको, नंदीध्वजांच्या मिरवणुकीच्या दिवसांत शहरातले रस्तेच बंद असतात. डिसेंबरातला मधला वार निवडा. उजाडलं की, साडेसहाच्या सुमारास निघा. पहिला थांबा हिप्परग्याचा तलाव, १८७१ साली बांधून झालेला एकरुख. तिथपर्यंतची फेरी त्याआधी दोन-तीनदा झालेली असू द्या. पुढे तामलवाडीला नाश्ता करा. तासाला अर्धा लिटर पाणी, तहान लागायची वाट न बघता. एका बाटलीत ओआरएस, पाकिटावर लिहिलंय तेवढ्याच पाण्यात. पिशवीत कडक भाकरीचे तुकडे, शेंगाचटणी आणि दोन केळी. थंडीतला वारा बहुतेक पूर्वेकडून, ईशान्येकडून येतो, म्हणजे जाताना तो थोडा अंगावर असणार, वेग कमी पडला तर खचू नका. शेवटी घाट आहे. घाटाच्या पायथ्याशी दहा मिनिटं बसा, चढ लागण्याआधीच गिअर हलका करा, कारण चढावर जोर देत गिअर बदलला की साखळी उतरते. उतरून ढकलत नेलीत तरी तुळजापूर तुळजापूरच.

आई म्हणाली, "या वयात?" तर तिला कोजागरीची आठवण करून द्या. सोलापूरहून त्याच रस्त्याने रात्रभर अनवाणी चालत जाणाऱ्या बायकांत साठी उलटलेल्या किती असतात, हे तिने तुमच्यापेक्षा जास्त बघितलं आहे. माझ्या मावशीला तर घरचे चालत जायला कधीच अडवत नसत, सायकलला अडवायचे. देवीसाठी चालतं, स्वतःसाठी चालत नाही, हा हिशेब मला अजिबात मान्य नाही.

बाकीचे प्रश्न. मुलगी मराठीत उत्तर देत नाही : तुम्ही मराठीतच बोलत राहा, तिला टोकू नका. आईच्या नावावरच्या घराचं : आई धडधाकट आहे तोवर मृत्युपत्र करून घ्या आणि सोलापुरातल्या वकिलाला भेटा, भावाशी फोनवर वाद घालू नका. टाक आणि देव पुढे कोणी सांभाळायचे : हे यंदा ठरलंच पाहिजे असं नाही.

आणि परत जाताना सायकल विकू नका. साखळी पुसून तेलाचे थेंब सोडा, ती भाचीला वापरायला द्या. त्याआधी सीटच्या दांड्यावर तुमच्या उंचीला रंगीत चिकटपट्टी गुंडाळून ठेवा, म्हणजे पुढच्या खेपेला मोजत बसायला नको.