'व्हेरी युनिक' खोडण्याआधी

अप्पा बळवंत चौकातून आणलेल्या व्याकरणाच्या पुस्तकात वाचलंस ना, की 'युनिक', 'परफेक्ट', 'डेड' यांना 'मोर', 'व्हेरी' असं कमी-जास्त लावायचं नाही, कारण हे गुण एकतर असतात किंवा नसतात? नियम लक्षात ठेव, पण लाल पेन उचलायची घाई करू नकोस. अनुवाद तपासायला लागले तेव्हा मी सरसकट खोडत सुटले होते. त्यात एका लेखकाचं चांगलं वाक्य बिघडवलं, ते अजून सलतं.

आधी आपल्याच भाषेत बघ. स्वारगेटला उभं राहून आपण म्हणतोच, 'मागची बस जास्त रिकामी होती.' पाच-सहा जण असतात की तिच्यात! 'पूर्ण रिकामी'च्या जास्त जवळ, एवढाच त्याचा अर्थ. इंग्रजीतही तसंच. अमेरिकेच्या १७८७ च्या राज्यघटनेच्या पहिल्याच वाक्यात 'मोर परफेक्ट युनियन' आहे, आणि अर्थ कुणाचाही अडत नाही.

'युनिक'ला मात्र जप. मूळ लॅटिन 'युनिकस', म्हणजे एकमेव. 'ऑलमोस्ट युनिक' काटेकोर वाचकालाही सहसा खटकत नाही, कारण एकमेव व्हायला थोडं कमी पडलं, एवढंच ते सांगतं. 'व्हेरी युनिक' बोलण्यात 'फार वेगळं' म्हणून सर्रास चालतं. पण परीक्षेत, नोकरीच्या अर्जात 'व्हेरी अनयूज्वल' लिही.

आणि कथेतलं पात्र 'व्हेरी प्रेग्नंट' म्हणालं तर हात लावू नकोस. पोट चांगलंच दिसू लागलंय, हे त्या 'व्हेरी'नेच कळतं.