ऑटोमॅटिक गिअरबॉक्सची टूल्स: काय विकत घ्यायचं, काय घरी बनवायचं

या वेळी वाचकांचे जवळपास सगळे प्रश्न एकाच गोष्टीवर आलेत, ऑटोमॅटिक गिअरबॉक्स खोलून परत बसवायला कुठली टूल्स लागतात आणि त्यातलं किती जुगाडावर निभेल. व्हिडिओ सगळ्यांनी बघून झालेत, इंदूरच्या सियागंज बाजारात एक चक्करही मारून झालीय, आणि तरी गोंधळ तोच. म्हणून आधीच सांगून ठेवतो, दाबायची, धरायची, ओढायची टूल्स घरी बनतात, मोजायची बनत नाहीत.

माझ्याकडे २०१४ ची सेलेरिओ ऑटोमॅटिक आहे, स्प्रिंग कंप्रेसर कुठला घेऊ? (सुदामा नगर)

कुठलाच नको. क्लचची स्प्रिंग दाबायचं ते टूल तुम्हाला लागतच नाही. ती एएमटी आहे, आत साधा मॅन्युअल गिअरबॉक्स, फक्त क्लच दाबायचं आणि गिअर टाकायचं काम मशीन करतं. क्लच बदलला की स्कॅनर लावून लर्निंग करावं लागतं, म्हणजे नवा क्लच मशीनला शिकवावा लागतो, त्यामुळे स्कॅनर असलेल्याकडेच जा.

ऑनलाइन एक मोठा 'युनिव्हर्सल ट्रान्समिशन टूल किट' स्वस्तात मिळतोय, घेऊन ठेवू का?

नका घेऊ. युनिव्हर्सल असं काही नसतं हो, पेटी जड दिसावी म्हणून भरलेले तुकडे असतात आणि अर्धे तुमच्या गिअरबॉक्सवर कुठे बसणारच नाहीत. आधी गिअरबॉक्सच्या बॉडीवर प्लेट किंवा स्टिकर असतं त्यावरचा कोड लिहून घ्या, त्या कोडचं सर्व्हिस मॅन्युअल मिळवा, त्यात स्पेशल टूलची यादी असते, ती घेऊन एखाद्या ऑटोमॅटिकवाल्या मेस्त्रीपुढे बसा आणि विचारा यातलं खरोखर काय लागतं. मग खरेदी. सर्कलिप (खाचेत बसणारी लॉकची रिंग) काढायचा प्लायर मात्र चांगलाच घ्या, टपारियाचा आतला-बाहेरचा, सरळ आणि वाकड्या टोकाचा, एवढ्यात बरंच काम होतं. आणि क्लच ड्रमच्या (क्लचच्या प्लेटी ज्यात बसतात तो डबा) मोठ्या लॉकना बरेचदा प्लायरसाठी भोकंच नसतात, तिथे बारीक स्क्रूड्रायव्हर लागतो, त्याचं टोक आधी कानशीने गोल करून घ्या नाहीतर ड्रमला ओरखडे पाडाल.

सी-क्लॅम्पने क्लचची स्प्रिंग दाबता येते असं ऐकलं, खरं का?

येते. स्प्रिंगच्या रिटेनरवर (तिला धरून ठेवणारी चकती) बसेल अशी जाड लोखंडी पट्टी किंवा पाइपचा तुकडा घ्यायचा, त्याला बाजूने खिडकी कापायची म्हणजे लॉकपर्यंत हात पोचतो, आणि वरून सी-क्लॅम्प. खोल ड्रममध्ये क्लॅम्प पोचत नाही, तिथे मधून आट्यांचा जाड रॉड, वर-खाली प्लेट आणि नट. खरादवाल्याला ड्रम नेऊन दाखवला की सांवेर रोडवर कोणीही हे बनवून देईल. फक्त स्प्रिंग दाबलेली असताना तोंड तिच्या समोर आणू नका, चष्मा घाला, आणि दाबायचं ते लॉक मोकळं होण्यापुरतंच, जास्त दाबलं की रिटेनर वाकतो. पहिल्यांदा करत असाल तर एकटे करू नका.

ऑइल सील ठोकायला स्पेशल ड्रायव्हर लागतो?

नाही. जुन्या बेअरिंगची बाहेरची रिंग किंवा पीव्हीसी पाइपचा मापाचा तुकडा चालतो. बुश (शाफ्ट ज्यात फिरतो ती धातूची नळी) बसवायचा असेल तर मात्र टर्नरकडून पायरीचा मँड्रेल, म्हणजे ठोकायचा दांडा, करून घ्या, पाइपने बुश तिरका जातो.

आमचे मेस्त्री पंचवीस वर्षांचे अनुभवी आहेत, शाफ्ट हाताने हलवून प्ले (तो किती पुढेमागे सरकतो ते) सांगतात. मग डायल गेजचा खर्च कशाला? (रामबाग)

हाच प्रश्न फिरून फिरून येतो आणि दर वेळी माझं डोकं फिरतं. मेस्त्रींचा मान आहेच, पण भिया, मॅन्युअलमध्ये एंड प्लेची मर्यादा मिलिमीटरच्या दहाव्या भागात दिलेली असते, ती मनगटाला कळत नाही, कुणाच्याच नाही. प्ले कमी राहिला की थ्रस्ट वॉशर घासून जातो, जास्त राहिला की शाफ्ट पुढेमागे पळून सीलिंग रिंगा खातो, आणि हे गिअरबॉक्स गाडीत बसवून तेल भरून राजवाड्याला एक फेरी मारून आल्यावर कळतं, म्हणजे परत सगळं खाली. ०.०१ मिमी वाचणारा साधा डायल गेज घ्या. मॅग्नेटिक बेस अॅल्युमिनियमच्या बॉडीला चिकटत नाही, लोक तिथेच अडतात आणि गेज ठेवून देतात. अहो, बेल हाउसिंगच्या (इंजिनला जोडला जाणारा भाग) बोल्टच्या भोकात एक लोखंडी पट्टी कसा आणि तिच्यावर बेस लावा, हा जुगाड करा की खुशाल! गेज धरायचा जुगाड चालतो, गेजच्या ऐवजी जुगाड चालत नाही.

क्लच पॅकचंही, म्हणजे क्लचच्या प्लेटींच्या गठ्ठ्याचंही, तेच. फिलर गेजने (ठरलेल्या जाडीच्या पातळ पट्ट्या) प्रेशर प्लेट आणि लॉकमधली फट तीन-चार ठिकाणी मोजा, पॅकमध्ये वेव्ह प्लेट (लाटेसारखी वाकवलेली) असेल तर मोजताना ती दाबून चपटी करू नका. फट कमी तर क्लच सुटल्यावरही घासत राहतो आणि जळतो, जास्त तर गिअर उशिरा पकडतो. दुरुस्ती वेगळ्या जाडीच्या लॉकने किंवा प्लेटने होते, प्लेट घासून नाही. दुकानदार 'कंपनीचाच माल आहे साहेब' म्हणून सेट देतो, त्यातली एकेक प्लेट मायक्रोमीटरने मोजा, पाच प्लेटी प्रत्येकी फक्त ०.०५ मिमी जास्त जाड निघाल्या तरी पाव मिलिमीटर गेला, आणि तेवढ्यात सगळी फट संपू शकते.

आणि टॉर्क रेंच. चाकाचे नट आवळायचा अर्ध्या इंचाचा रेंच व्हॉल्व्ह बॉडीला (तेलाचा दाब क्लचांकडे वळवणारा भाग) लावू नका. तिथले बोल्ट छोटे असतात, बहुतेक १० न्यूटन मीटरच्या आसपासचे, नेमका आकडा मॅन्युअलमधलाच धरायचा, आणि मोठा रेंच इतक्या खाली धड वाचतच नाही. जास्त आवळलं की बॉडी किंचित पिळते, स्पूल (आतला सरकता व्हॉल्व्ह) अडकतो, मग लोक सोलेनॉइड (विजेवर चालणारा व्हॉल्व्ह) बदलत बसतात. पाव इंचाचा छोटा रेंच घ्या. तेवढे पैसे नसतील तर मोजून काम करणारं वर्कशॉप शोधा आणि मेस्त्रींनाही सोबत न्या.

पंक्चरवाल्याच्या कॉम्प्रेसरने क्लचची एअर टेस्ट करू का?

हवा सोडून क्लचचा पिस्टन हलतो का ते बघायचं असतं, रेग्युलेटर लावून दोन-तीन बारवर आणला तर करा. सरळ टाकीची हवा सोडली तर पिस्टनच बाहेर उडू शकतो, सीलची ओठ मुडपते. टाकीतलं पाणी आधी सोडा, पावसाळ्यात तर नक्कीच. गनच्या टोकाला रबर लावा.

चेक बॉल (व्हॉल्व्ह बॉडीतल्या छोट्या गोळ्या) जागेवर चिकटवायला ग्रीस लावलं तर? आमच्या इथे सगळे लावतात.

सगळे लावतात म्हणूनच सगळ्यांचे परत येतात. चाकाचं ग्रीस एटीएफमध्ये (ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं तेल) नीट विरघळत नाही, बारीक वाटेत जाऊन बसतं. साधी पेट्रोलियम जेली लावा, ती गरम तेलात निघून जाते. काढलेले बॉल अंड्याच्या ट्रेमध्ये, आणि त्याआधी मोबाइलवर फोटो.

गिअर घसरतोय, पण टूल्स जमेपर्यंत दोनेक महिने रोज पीथमपूरला जाऊन-येऊन चालवू ना?

नाही! घसरणारा क्लच जळत असतो, त्याचा चुरा तेलातून व्हॉल्व्ह बॉडीत आणि टॉर्क कन्व्हर्टरमध्ये (इंजिन आणि गिअरबॉक्स जोडणारा भाग) जातो, दोन महिन्यांनी फक्त क्लचचा असलेला खर्च सगळ्या गिअरबॉक्सचा होईल. टूल्स नंतर जमवा, आधी गाडी उभी करा आणि याच आठवड्यात कुणाला तरी दाखवा. नेताना फ्लॅटबेडवरच न्या, चालणारी चाकं रस्त्यावर ठेवून ओढू नका, इंजिन बंद असलं की आतला पंप फिरत नाही आणि तेल मिळत नाही.

सीव्हीटी (गिअरऐवजी पुली-बेल्टवाला ऑटोमॅटिक) घरी खोलता येईल?

नको. ज्याच्याकडे त्याची टूल्स आणि स्कॅनर दोन्ही आहेत त्याच्याकडे न्या.

पार्ट पुसायला कॉटन वेस्ट चालेल?

अजिबात नाही, एक धागा सोलेनॉइडच्या जाळीत अडकला की पुरे. केरोसीनने धुवा, कोरड्या हवेने वाळवा. फ्रिक्शन प्लेटी मात्र केरोसीनमध्ये घालायच्या नाहीत, त्या बसवायच्या आधी निदान अर्धा तास एटीएफमध्येच भिजवायच्या.