मनन ‘वाचायचं’ नसतं

प्रश्न असा आला आहे: “आम्ही काहीजण रोज सकाळी बायबलमधला एक उतारा वाचतो आणि त्यावर थोडा वेळ थांबतो. या थांबण्याला कोणी मनन म्हणतं, कोणी चिंतन, कोणी ध्यान. योग्य शब्द कोणता? पहिल्या स्तोत्रातलं ‘रात्रंदिवस मनन’ नक्की काय असतं?”

तुमच्या प्रश्नात मनन ही निदान करायची गोष्ट आहे, याचं बरं वाटलं. एरवी कानांवर येतं ते “आजचं मनन वाचलं का?” किंवा “मनन पाठवलंय, बघून घ्या”. दुसऱ्या कुणीतरी एखाद्या वचनावर लिहिलेल्या चार परिच्छेदांना मनन म्हणायचं, आणि ते वाचून संपवलं की आपलं मनन झालं असं समजायचं! त्या लिखाणाला टिपण म्हणा, बोध म्हणा. मनन हे गमन, पठन यांसारखं क्रियेचं नाव आहे. गमन पाठवता येत नाही, पठन वाचता येत नाही; मननाचंही तेच.

मनन आणि चिंतन यांच्यातला नेहमीचा फरक कोणत्याही कोशात मिळेल, तो इथे उगाळत नाही. माझं म्हणणं वेगळं आहे. पहिल्या स्तोत्राच्या दुसऱ्या वचनात जे चाललंय ते मनन नाहीच. तिथलं हिब्रू क्रियापद आहे ‘येह्गे’, आणि ही क्रिया घशात आणि ओठांवर घडते. यशया 31:4 मध्ये सिंह आपल्या भक्ष्यावर गुरगुरतो, तिथे हेच क्रियापद आहे. यशया 38:14 मध्ये आजारातून उठलेला हिज्कीया राजा सांगतो की मी पारव्यासारखा घुमत होतो, तिथेही हेच. स्तोत्र 115:7 मध्ये मूर्तींना ही क्रिया जमत नाही असं म्हटलंय, आणि कशाने जमत नाही तेही सांगितलंय: घशाने. आणखी काय पुरावा हवा? यहोशवा 1:8 मध्ये तर देव आधी ‘हा ग्रंथ तुझ्या मुखातून जाऊ नये’ असं बजावतो आणि लगेच हे क्रियापद येतं. आपल्या भाषांतरात पुढे ‘मनन’ घातल्यामुळे त्या बिचाऱ्या मुखाला काही कामच उरत नाही.

गंमत पुढेच आहे. दुसऱ्या स्तोत्राच्या पहिल्या वचनात लोक देवाविरुद्ध जे व्यर्थ काहीतरी करतात, तेही हेच क्रियापद. पहिल्या स्तोत्रात नीतिमान वचन पुटपुटतो, दुसऱ्यात बंडखोर कट पुटपुटतात. दोन्ही स्तोत्रं शेजारी ठेवणाऱ्याने हा सांधा मुद्दाम ठेवला असं मला ठामपणे वाटतं. मराठीत दोन ठिकाणी दोन वेगळे शब्द पडले आणि सांधा निखळला.

यावर अभ्यासकांचा ठरलेला आक्षेप असतो. बायबलचे अभ्यासक जेम्स बार यांनी 1961 मध्ये बजावलं होतं की शब्दाचं मूळ म्हणजे त्याचा वापरातला अर्थ नव्हे. मान्य, शंभर वेळा मान्य. पण मी मूळ कुठे सांगतोय? सिंह, पारवा, घसा ही सगळी वापराची उदाहरणं आहेत. बार यांचं नाव घेऊन वापराचीच उदाहरणं बाजूला सारणं हा त्यांच्यावरही अन्याय आहे. दुसरा आक्षेप स्तोत्र 19:14 चा: तिथे याच धातूतलं ‘हिग्गायोन’ हे नाम हृदयाला जोडलेलं आहे, मग क्रिया आतलीच नाही का? नाही. त्याच ओळीत ‘माझ्या मुखाचे शब्द’ आहेत. मुखाचे शब्द आणि हृदयाची कुजबुज ही जोडी आहे. कुजबुज हृदयाची असली म्हणून ती मुकी होत नाही.

मग मराठीत काय म्हणावं? पुटपुटण्यात आदर नाही. घोकण्याला परीक्षेचा वास येतो. जपात नाम असतं, उतारा नसतो. माझं मत आहे: रवंथ. लोक नाक मुरडतात, कारण ‘जुन्या गोष्टींचा रवंथ’ हा आपण शिवीसारखा वापरतो. पण हा शब्द किती थोर घराण्यातला आहे ते पाहा. मूळ संस्कृत रोमन्थ. ग्रामचं गाव आणि नामचं नाव होताना म चा व झाला, तसाच इथे झाला. पाणिनीचं सूत्र आहे 3.1.15, ‘कर्मणो रोमन्थतपोभ्यां वर्तिचरोः’. रोमन्थ आणि तप या दोन नामांपासून क्रियापदं कशी होतात ते सांगणारं. रोमन्थायते, म्हणजे रवंथ करतो. तपस्यति, म्हणजे तप करतो. गाईचा रवंथ आणि तपस्व्याचं तप एका सूत्रात शेजारी! व्याकरणाच्या सोयीसाठी, हे मला ठाऊक आहे; तरी हे सूत्र वाचलं की मी थबकतो. त्यावरच्या वार्तिकात, म्हणजे सूत्राला जोडलेल्या पूरक नियमात, एक अट आहे: ‘हनुचलने’. जबडा हलत असेल तरच रोमन्थायते म्हणायचं. येह्गेची व्याख्या करायला बसलो असतो तर मीही हीच अट घातली असती. आणि कालिदासाच्या शाकुंतलात सावलीतली हरणं ‘रोमन्थमभ्यस्यतु’, रवंथाचा अभ्यास करोत. अभ्यास म्हणजे मुळात पुन्हा पुन्हा करणं. ‘बायबल अभ्यास’ म्हणताना हा अर्थ कुणाच्या मनात येतो का?

ख्रिस्ती परंपरेलाही ही उपमा परकी नाही. लेवीय 11 मधल्या रवंथ करणाऱ्या शुद्ध पशूंचा अर्थ प्रभूच्या वचनाचा रवंथ करणारी माणसं असा लावलेला बर्णबाच्या नावाने चालत आलेल्या प्राचीन पत्रात सापडतो. बाराव्या शतकातला कार्थुसियन मठवासी ग्विगो दुसरा याने वाचन, मनन, प्रार्थना, दर्शन अशा चार पायऱ्या सांगितल्या. वाचन घास तोंडात घालतं, मनन तो चावतं, असं तो म्हणतो. लॅटिनमध्ये त्यासाठी ‘रुमिनातिओ’ हा शब्द राजरोस चालला. आपणच का लाजावं?

ध्यान? तो मला या जागी सर्वांत दूरचा वाटतो, कारण ध्यानात शब्द मागे पडतात आणि इथे शब्दच धरून राहायचं आहे. मनन तुम्ही लूक 2:19 साठी ठेवा. तिथे मरीया घडलेल्या गोष्टी मनात एकमेकींशी जुळवून पाहते, ग्रीक क्रियापदाचा अर्थही एकत्र आणणं असाच आहे, आणि ते खरोखर निःशब्द आहे. सकाळचा उतारा मात्र लहान घ्या आणि ओठ हलू द्या. प्रेषितांची कृत्ये 8:30 मध्ये फिलिप रथाजवळ धावत जातो आणि कूशी अधिकाऱ्याला यशया वाचताना ऐकतो. ऐकतो! रथात एकट्यासाठी वाचणारा माणूसही आवाजानेच वाचत होता.

आपल्या ‘वाचणे’तही हा आवाज आहे, तो वच् धातूच्या प्रयोजकातून, ‘वाचयति’ म्हणजे बोलायला लावतो यातून आला. ‘वाचाल तर वाचाल’मधलं दुसरं वाचणे, तग धरण्याचं, वंच् धातूकडे जातं. घोषणा चांगली आहे, पण तिच्या आधारे ही दोन क्रियापदं एकाच मुळाची असल्याचं प्रवचनांतून सांगणं आता थांबवावं.