घडाचा आयकॉन काळाच का राहतो?

भाऊ, तुमच्या अडचणी तीन: रावेरच्या केळीभावाच्या ॲपमध्ये घडाचा आयकॉन डार्क थीमवर काळाच राहतो, 'बऱ्हाणपूरपेक्षा जास्त' अशी लांब ओळ आली की शेजारचा बाण चेपतो, आणि बिल्ड, म्हणजे ॲपच्या शेवटी तयार होणाऱ्या फाइल, फुगलंय. रिॲक्ट (स्क्रीन तुकड्यातुकड्यांनी, म्हणजे कॉम्पोनंटांनी बांधायचं साधन) आणि ल्युसाइड (तयार आयकॉनांची लायब्ररी) वापरताय, तेच धरून सांगतो.

ल्युसाइडचे आयकॉन एसव्हीजी, म्हणजे रेघांच्या मापांनी लिहिलेली चित्रं, असतात; ती २४ बाय २४ च्या व्ह्यूबॉक्समध्ये, म्हणजे चित्राच्या मापाच्या चौकटीत, बसतात. फिल (आतला भरलेला रंग) नाही, नुसता स्ट्रोक (रेघ), जाडी २ आणि रंग 'करंटकलर', म्हणजे शेजारच्या अक्षरांचा जो असेल तो. तुमचा घड इंकस्केप या चित्रं काढायच्या सॉफ्टवेअरमधला आहे. तिथे काळा रंग बहुतेक वेळा थेट स्टाइलमध्ये लिहिला जातो, त्यामुळे फिलचा ॲट्रिब्यूट कितीही बदला, स्टाइलच जिंकते. ती काढा. शिवाय तुम्ही फाइल इमेज टॅगने लावलीय. तसं केलं की एसव्हीजी वेगळं डॉक्युमेंट ठरतं आणि पानाचं सीएसएस (रंग-रूपाचे नियम) आत पोचतच नाही. सेव्ह करताना 'प्लेन एसव्हीजी' निवडा आणि मजकूर कॉम्पोनंटमध्येच चिकटवा. स्ट्रोक-विड्थसारखी जोडरेघेची नावं कॅमलकेसमध्ये करा, म्हणजे जोडरेघ काढून पुढचं अक्षर कॅपिटल.

एसव्हीजीओ या फाइल लहान करायच्या साधनातून काढत असाल तर व्ह्यूबॉक्स शिल्लक आहे ना, ते बघा. त्याच्या जुन्या आवृत्त्या तो उडवतात. मग साइज ४८ दिली तरी घड कोपऱ्यात तेवढाच बसतो, आणि १६ दिली तर कापला जातो.

जाडीकडे लक्ष द्या, हे बहुतेक जण सोडून देतात. आयकॉन १६ पिक्सेलवर आणला की २ ची रेघ सुमारे १.३३ पिक्सेल उरते. वैशाखातल्या उन्हात, बागेत उभ्या माणसाला ती दिसायची नाही. ल्युसाइडची 'ॲब्सोल्यूट स्ट्रोक विड्थ' लावली तर रेघ २ पिक्सेलच राहते, पण मग घडातल्या फण्या एकमेकींत मिसळून गोळा होतो. त्यापेक्षा आकार २४ ठेवा आणि फण्या तीनच काढा. ओळखायला तेवढ्या पुरतात.

बाण चेपतो तो फ्लेक्समुळे, म्हणजे सीएसएसच्या एका ओळीत मांडायच्या पद्धतीमुळे; जागा कमी पडली की ती आयकॉनही आक्रसते. आयकॉनला फ्लेक्स-श्रिंक ० द्या, विषय संपला.

बिल्डचं कारण तुमच्याच कोडमध्ये आहे: 'इम्पोर्ट स्टार' करून, म्हणजे सगळे आयकॉन एकदम मागवून, एपीआयमधून (सर्व्हरकडून) आलेल्या नावाने आयकॉन उचलताय. कुठलं नाव येईल हे बंडलरला (सगळा कोड एकत्र बांधणाऱ्या साधनाला) कळायला मार्ग नाही, म्हणून तो अख्खी लायब्ररी बांधतो. चढ, उतार, स्थिर असे तीन आयकॉन नावाने इम्पोर्ट करा आणि साध्या ऑब्जेक्टमध्ये ठेवा. अनोळखी नाव आलं तर 'स्थिर' नको, रिकामी जागा दाखवा; चुकीचा बाण म्हणजे चुकीचा भाव. डायनॅमिक आयकॉनचा पर्याय आहे, पण त्यात प्रत्येक आयकॉन वेगळा मागवला जातो, आणि सातपुड्याच्या पायथ्याला रेंज गेली की जागा रिकामी. मोजक्या आयकॉनांसाठी तो उपद्व्याप कशाला?

रिफ्रेशच्या बटणावर नुसता आयकॉन आहे. तिथे 'भाव ताजे करा' असं एरिया-लेबल (aria-label, स्क्रीन रीडर वाचून दाखवतो ते नाव) आयकॉनला नाही, बटणाला लावा.