केस गळताहेत? आधी तीन महिने मागं जाऊन बघा

तुम्ही विचारलंय की वय २७ आहे, कोल्हापुरात नोकरी करते, महिनाभर केस मुठीनं गळताहेत, तर खाण्यापिण्यात आणि रोजच्या सवयींत काय बदलू. मी राजारामपुरीत राहते आणि तीन वर्षांपूर्वी ह्यातून गेले आहे. न्हाणीघराच्या जाळीवर केसांचा बोळा बघून पोटात कसा गोळा येतो, ते मला माहीत आहे, म्हणून सविस्तर लिहिते.

तेव्हा मी चार तेलं बदलली. शेवटी त्वचारोगाच्या डॉक्टरांकडे गेले, तर त्यांनी तेल-शाम्पूचं काहीच विचारलं नाही. म्हणाले, "दिवाळीत गळायला लागले ना? मग श्रावणात काय झालं होतं?" श्रावणात मला डेंग्यू झाला होता. वर नवरात्राचे नऊ दिवस साबुदाणा आणि चहावर काढले होते.

त्यांनी समजावलं ते असं. डोक्यावरचा प्रत्येक केस २ ते ६ वर्षं वाढतो, मग जवळपास ३ महिने नुसता मुळाशी थांबतो आणि गळून पडतो. त्यामुळं रोज ५० ते १०० केस जाणं नेहमीचंच. पण मोठा ताप, टायफॉइड, ऑपरेशन, बाळंतपण किंवा झटपट वजन उतरवणं, असं काही झालं की खूप केस एकदम थांबतात आणि दोन-तीन महिन्यांनी एकदम गळतात. म्हणजे कालच्या जेवणाला किंवा परवाच्या शाम्पूला दोष देऊन उपयोग नाही. आणि आज सुरू केलेल्या चांगल्या खाण्याचा गुणही लगेच दिसत नाही. केस महिन्याला साधारण एक सेंटिमीटर वाढतो. तीन-चार महिने धीर धरावाच लागतो.

माझं हिमोग्लोबिन १२.२ होतं, त्यामुळं घरी सगळे निर्धास्त. पण फेरिटिन, म्हणजे शरीरातला लोहाचा साठा, फक्त ९ निघाला. पाळी अंगावर जास्त जात असेल तर ही तपासणी नक्की करा, आणि सोबत थायरॉइडचीही. लोहाच्या गोळ्या मात्र डॉक्टरांनी दिल्या तरच घ्या.

आता खाण्याचं. केस म्हणजे केराटिन, म्हणजे प्रथिनच. ५५ किलोच्या बाईला दिवसाला ४५ ग्रॅमच्या आसपास प्रथिनं लागतात. मी माझा दिवस कागदावर मांडला : सकाळी चहा-बटर, दुपारच्या डब्यात दोन चपात्या आणि बटाटा, रात्री आमटी-भात. आमटीतली डाळ खाली आणि माझ्या वाटीत वरचं पाणी! रविवारी मटण शिजायचं, पण सगळ्यांना वाढून मी बसेपर्यंत पातेल्यात तांबडा रस्सा आणि एखादं हाड उरलेलं असायचं. हे आपल्या घराघरांत चालतं आणि मला त्याचं फार वाईट वाटतं. मटणातलं लोह अंगाला सगळ्यात चांगलं लागतं, आणि ज्यांना पाळी येते त्यांच्याच ताटात ते शेवटी पडतं. फोडी आधी स्वतःला काढून ठेवा. लाजू नका.

शाकाहारी असाल तरी अडत नाही. मोडाची मटकी, हुलग्याचं माडगं, मूठभर शेंगदाणे, दही, पोकळा, मेथी, जवसाची चटणी, हिवाळ्यात अळिवाचा लाडू, हे सगळं कपिलतीर्थ मंडईच्या एका फेरीत मिळतं. अंडी चालत असतील तर एका अंड्यात ६ ग्रॅम प्रथिनं. दुधाचं आपल्याकडे कौतुक फार, आणि प्रथिनांसाठी ते रास्तच आहे, पण दुधात लोह जवळजवळ नसतं.

मला सगळ्यात जास्त फरक पडला तो चहाची वेळ बदलल्यानं. भाजी-कडधान्यातलं लोह अंगी लागायला लिंबासारख्या आंबटाची मदत होते, आणि चहा ते लोह अडवतो. मिसळीवर लिंबू पिळतो ते अगदी बरोबर. मटकीतलं लोह त्यानं जास्त शोषलं जातं. पण शेवटचा पाव संपायच्या आत चहा आला की त्यातलं बरंच वाया. जेवण आणि चहा यांत तासाभराचं अंतर ठेवा.

मंगळवार-शुक्रवार धरत असाल तर सोडा असं मी म्हणणार नाही, मीही अंबाबाईचा शुक्रवार करते. फक्त साबुदाणा म्हणजे नुसता स्टार्च. त्याऐवजी राजगिऱ्याची भाकरी, शेंगदाण्याची आमटी, दही घ्या.

बायोटिनच्या गोळ्या मनानं सुरू करू नका. कमतरता नसेल तर त्यांचा फायदा फारसा नाही, आणि थायरॉइडचा रिपोर्टही त्यानं चुकू शकतो. जीवनसत्त्व अ किंवा सेलेनियम जास्त झालं तर उलट केस गळतात. जानेवारी २०२५ मध्ये बुलढाण्यात शेगावकडच्या गावांत लोकांना अचानक टक्कल पडलं, तेव्हा तपासण्यांत सेलेनियमच वाढलेलं आढळलं होतं.

सवयींचं थोडक्यात. ओले केस विंचरू नका, आणि ओल्यावरच स्कार्फ बांधून गाडीवर बसू नका. घट्ट अंबाडा रोज नको, कपाळाकडचे केस त्यानं कायमचे जाऊ शकतात. गळतील म्हणून धुणं टाळू नका, धुताना जातात ते आधीच सुटलेले असतात. तेलानं केस तुटणं कमी होतं, मुळापासूनची गळती थांबत नाही. कोंडा असेल तर तेल उलट बंदच ठेवा.

भांग रुंद होत चालला असेल, घरात आई किंवा मावशीचे केस तसेच विरळ असतील, किंवा चाईसारखा गोल चट्टा दिसत असेल, तर नुसत्या आहारावर वेळ घालवू नका. थेट त्वचारोगतज्ज्ञ गाठा. त्याला औषधं आहेत आणि ती लवकर सुरू झालेली बरी.

माझी गळती पाचव्या महिन्यात कमी झाली. एका सकाळी आरशात कपाळाच्या कडेनं बोटाच्या पेराएवढे, विंचरून न बसणारे केस उभे दिसले. आईला हाक मारून दाखवले मी.

तुमच्या प्रश्नात एक गोष्ट राहिली आहे : तीन-चार महिन्यांपूर्वी ताप, डाएट किंवा मोठं आजारपण झालं होतं का? ते लिहा, म्हणजे पुढचं नीट सांगता येईल.