बाळंतिणीच्या घरी जाताना: नव्या आशाताईला

दवाखान्यात बाळंतपण झालं असेल तर घरभेटी सहा: ३, ७, १४, २१, २८ आणि ४२ व्या दिवशी. दारातच फॉर्म काढू नकोस. सासूबाईंना नमस्कार कर, साबणाने हात धू, मग बाळाजवळ जा. बाळंतिणीला नावाने हाक मार; ‘बाळाची आई’ ती दिवसभर ऐकतेच. ‘दूध येतंय ना?’ विचारलंस तर ‘हो’च येणार. ‘काल रात्री कितीदा पाजलंस?’ असं विचार आणि गप्प बस. तिच्याऐवजी सासूबाई बोलू लागल्या तर त्यांचं ऐकून घे, मग पाणी माग, तहान नसली तरी. त्या आत गेल्या की हळूच पुन्हा विचार. ताप, अंगावरून जास्त जाणं, टाके दुखणं तेव्हाच बाहेर येतं. लिहायचं ते शेवटी.