चाळीस तास आणि एक सही

प्रश्न : ताई, दोन वर्षांपूर्वी आम्ही नाशिकहून कॅनडात ब्रॅम्प्टनला आलो. मुलगा यंदा बारावीत आहे. ओंटारिओ प्रांतात शाळा पूर्ण केल्याच्या डिप्लोमासाठी 40 तास समाजसेवा लागते, हे आम्ही फार हलक्यात घेतलं. त्याचे जेमतेम 9 तास झालेत. एक ओळखीचे गृहस्थ म्हणतात, ‘फॉर्म आणा, मी सही करून देतो.’ वर्ष अभ्यासाचं आहे. घ्यावी का ती सही?
– एक आई

उत्तर : नका घेऊ. शाळेने फोन करून चौकशी केली तर पंचाईत होईल, हे तर आहेच. पण खोट्या कागदावर आई-बाबांची संमती होती, हे तो मुलगा कधी विसरणार नाही. मला भीती त्याची वाटते.

ही अट 1999 पासून आहे. तिला गुण नाहीत, पण विषयांची 30 क्रेडिट मिळूनही हे तास नसतील तर डिप्लोमा अडतो. आधी शाळेतल्या गायडन्स काउन्सेलरना भेटा. मधूनच आलेल्या मुलांचे तास कसे धरतात, ते त्यांच्याकडूनच कळून घ्या. अगदी 31 तास राहिले असं धरलं, तरी दर शनिवारी तीन तास म्हणजे साधारण अकरा शनिवार. त्याने अभ्यास बुडत नाही.

घरातली कामं किंवा पगाराची नोकरी धरून चालू नका. मराठी मंडळाच्या कार्यक्रमात खुर्च्या लावणं, पंगतीला वाढणं, गुरुद्वारात लंगरची सेवा, फूड बँकेत डबे निवडणं, वाचनालय, वृद्धाश्रम, असं पुष्कळ आहे. मात्र काम सुरू करण्याआधी ते तुमच्या स्कूल बोर्डाच्या यादीत बसतं का, ते बघा. आणि सही प्रत्येक वेळी तिथल्या तिथे घ्या. जूनमध्ये सह्यांसाठी धावणारी मुलं मी खूप पाहिली आहेत.

कुठे जायचं ते मात्र त्यालाच ठरवू द्या.

माझी मुलगी वृद्धाश्रमात जायची. पहिले दोन आठवडे नुसत्या व्हीलचेअर ढकलल्या, वैतागली होती. तिसऱ्या आठवड्यात तिला गिरगावच्या एक आजी भेटल्या. स्मृतिभ्रंशाने त्यांचं इंग्रजी पुसलं गेलं होतं, मराठी तेवढी उरली होती. नर्सना वाटायचं, त्या काहीतरीच बडबडतात. त्या मागत होत्या भाताची पेज, मीठ घालून. माझ्या मुलीने ते नर्सला सांगितलं, आणि पुढच्या शनिवारी आम्ही, विचारून, डब्यातून पेज घेऊन गेलो. तिचे 40 तास एप्रिलमध्येच भरले. आजी होत्या तोवर ती जात राहिली.